चौदा नंबरचा चौकोन

माझी नोकरी नक्की कसली आहे, हे माझ्या आईनं नातेवाइकांना तीन तऱ्हांनी सांगून ठेवलं होतं. चाकूरच्या मामांना ती म्हणायची, फॉरेस्टमध्ये आहे. शेजारच्या काकूंना, कॉलेजात शिकवते. आणि लग्न जमवायला आलेल्या लोकांना फक्त, संशोधन करते. यातलं तिसरं खरं होतं, पण ऐकणाऱ्याचा चेहरा तेव्हाच सर्वात जास्त पडायचा. एका पाहुण्यानं सरळ मलाच विचारलं, "कशावर संशोधन?" मी म्हणाले, "काट्याकुट्यांवर." ते स्थळ परत आलं नाही. आईनं मला दोन दिवस भाजी वाढली नाही, मी आपली वाढून घेत होते.

खरं तर मी थोडक्यात, पण बरोबर सांगितलं होतं. नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या विभागात एक प्रकल्प चालू होता. अहमदपूर आणि चाकूरच्या मधल्या डोंगरपट्ट्यात जे मूळचं रान उरलंय, म्हणजे धावड्याची विरळ झाडी, खैर-हिवराचे पट्टे आणि माळावरची झुडपं, त्याचे प्रकार पाडायचे. कुठलं झाड कुणाच्या सोबतीनं वाढतं, कुठल्या मातीत, किती दाट, ते मोजायचं. सारख्या-सारख्या जागा एकत्र ठेवायच्या आणि त्या प्रकाराला नाव द्यायचं. महसुलाच्या कागदावर या सगळ्याला एकच शब्द होता, पडीक. आमच्या सरांना त्या शब्दाचा संताप यायचा. "पडीक म्हणजे काय? कोण पडलंय तिथं?" असं ते वर्गात विचारायचे आणि शेवटच्या बाकावरचे डोळे मिटलेले विद्यार्थी दचकून सरळ बसायचे.

सर साठीकडे झुकलेले होते. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात भिंग, आणि बाहेरून आलेल्या झाडांशी उघड वैर. गिरिपुष्प, घाणेरी, वेडी बाभूळ यांना ते 'पाहुणे' म्हणत. "हे पाहुणे आले आणि जेवायला बसले, उठायचं नावच नाही," असं म्हणून ते घाणेरीच्या झुडपाला बुटानं ढोसत. आमच्या यादीत पाहुण्यांची वेगळी पंगत असायची.

प्रकल्पावर आम्ही दोघीच. दुसरी माझी मैत्रीण. तिच्या घराण्याचं नांदेडच्या जुन्या भागात चार पिढ्यांपासून जडीबुटीचं दुकान. त्यामुळे ती झाड डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त ओळखायची. पान चुरगाळायचं, डोळे मिटायचे आणि "अमोनी" म्हणायचं. मी तोवर पुस्तकातलं पान उलटत असे. वैतागली की ती मराठी सोडून घरच्या बोलीवर यायची, आणि माळावर ती बऱ्याचदा वैतागलेली असे.

कामाची पद्धत अशी. सकाळच्या एसटीनं लोह्यावरून अहमदपूरला उतरायचं, तिथून मिळेल त्या काळीपिवळीनं पायथ्याच्या गावापर्यंत. वर चढायचं. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन दोरीनं आखायचा. चार कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकायच्या. एका खुंटीला पत्र्याची पट्टी, तिच्यावर नंबर. मग त्या चौकोनातलं एकूण एक झाड, झुडूप मोजायचं, उंची घ्यायची, आणि लोखंडी सळई मातीत खुपसून खाली खडक किती खोलावर लागतो ते लिहायचं. दोरी परत न्यायची, खुंट्या तिथंच ठेवायच्या, कारण थंडीत येऊन तोच चौकोन पुन्हा मोजायचा होता. असे साठ चौकोन.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला ती भेटली. पंचावन्न-साठ वर्षांची बाई, नऊवारीचा काष्टा, हातात आकडी, मागं वीसेक शेळ्या. खाली पायथ्याला त्यांची चार एकर जमीन, ती मुलं बघत. शेळ्या आणि डोंगर हिच्याकडे. आम्ही दोरी ताणत होतो. ती एका दगडावर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली,

"काय करून राहिल्याव गं बाई? रस्ता जातुय का हितून?"

"नाही मावशी," मी म्हणाले. "झाडं मोजतो."

"कशाला?"

माझ्या मैत्रिणीला त्या दिवशी ऊन लागलं होतं. ती वर न बघता म्हणाली, "जनगणना आहे. झाडांची."

मावशीनं तोंडावर पदर धरला. हसली का ते दिसलं नाही. "मग नाव-गाव, वय, समदं लिवता?"

"सगळं."

"आन् धंदा?"

"धंदा पण."

"मंग ह्या हेकळीचा धंदा लिवा," ती आकडीनं समोरचं काटेरी झुडूप दाखवत म्हणाली. "लोकाची लुगडी फाडणं."

त्या दिवसापासून ती रोज हजर. आम्ही कुठंही चढलो तरी तासाभरात शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू यायच्याच. कामात मदत अशी करायची नाही, पण टीका भरपूर. आम्ही चौकोन आखला की ती म्हणे, "हितं काय मिळनार? हे तर पळतं रान." आम्ही आधी हसण्यावारी नेलं. मग एकदा जेवताना मी विचारलंच, पळतं रान म्हणजे काय.

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि बोटं मोजली. ज्या रानात शेळी थांबत नाही, नुसती पळत पुढं जाते, ते पळतं. जिथं मान खाली घालून थांबते ते थांबतं. जिथं पदर, केस, शेळीचे कान सगळं अडकतं ते ओढतं. आणि जिथं दुपारी शेळ्या आपोआप बसतात, धावड्याच्या सावलीत, ते निजतं.

"झालं," ती म्हणाली. "चारच. तुमी किती करनार?"

आमचे तोवर सहा झाले होते. मी वहीच्या समासात गंमत म्हणून तिची चार नावं लिहून ठेवली. मैत्रीण म्हणाली, "इसकू पीएचडी दे दो, अपन घर को जाएंगे."

आता चौदा नंबरच्या चौकोनाचं सांगते. आणि त्यासाठी आधी एक कबुली देणं भाग आहे. तेरा, चौदा आणि पंधरा हे तीन चौकोन आम्ही पावसाळा सरताना एकाच दिवशी उरकले होते. अहमदपूरची शेवटची सोयीची एसटी गाठायची होती. चौदा नंबरच्या नोंदी निम्म्या जागेवर लिहिल्या आणि निम्म्या एसटीत, आठवून. समोरच्या सीटवरची बाई कोंबडी घेऊन बसली होती, आणि ती कोंबडी माझ्या वहीकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला अजून आठवते. तिला कळलं होतं.

तरी एवढं नक्की होतं, की चौदा नंबरमध्ये धावडे होते. अकरा धावडे, त्यांच्याखाली थोडी मुरडशेंग, एक मोईचं झाड. पांढरट, गुळगुळीत बुंधे. गार सावली.

थंडीत परत मोजायला गेलो. तेरा सापडला, बरोबर. तिथून खाली उतरलो, चौदाची पट्टी दिसली. चारही खुंट्या जागच्या जागी, ताठ. दोरी लावून बघितली, दहा बाय दहा, एक वीत इकडं नाही की तिकडं नाही. आणि आत एकही धावडा नाही. सगळी हेकळ. हेकळ, तरवड, कुसळी गवत, आणि एक सरडा.

आम्ही दोघी त्या चौकोनाच्या मध्यभागी उभ्या राहिलो. तोडले म्हणावं तर बुंधा नाही, फांदी नाही, खड्डा नाही.

"चलते गए क्या झाडां?" मैत्रीण हळूच म्हणाली.

चौदाची जागा नोंदवून ठेवलेला मोबाईल सांगत होता, चाळीस पावलं वर जा. पण त्याच मोबाईलनं आदल्या महिन्यात आम्हाला आत्मविश्वासानं एका विहिरीत उतरायला सांगितलं होतं, तेव्हा त्याच्या शब्दाला आमच्या लेखी किंमत नव्हती. वर चाळीस पावलांवर धावडे होते, ते दिसतही होते. पण खुंट्या इथं होत्या. लोखंडी खुंट्या दगडानं ठोकून बसवलेल्या. त्या कोण हलवणार? आणि हलवून पुन्हा इतका नेमका चौकोन कोण करणार? आम्हाला दोघींनाही एकच गोष्ट सुचली, कारण मनात चोर होता. आम्हीच एसटीत बसून चुकीचं लिहिलंय.

वरच्या दगडावर मावशी तंबाखू मळत बसली होती. चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा.

"काय झालं गं? हरवलं का काही?"

"नाही मावशी," आम्ही एका सुरात म्हणालो.

आता खरं काय करायला हवं होतं? सरांना फोन. पण सरांना फोन केला की एसटीतलं लिखाण बाहेर येणार. मैत्रिणीनं थोडा विचार केला आणि तोडगा काढला. "सरासरी काढू," ती म्हणाली. "सरासरीला कोण विचारतं?"

मी विरोध केला असं मला लिहायला आवडलं असतं. मी फक्त विचारलं, "अकरा आणि शून्याची सरासरी साडेपाच येते. अर्धा धावडा कसा दाखवायचा?"

"पाच लिही. एक वाळला."

अशा रीतीनं चौदा नंबरच्या चौकोनात पाच धावडे, सात हेकळ, थोडी मुरडशेंग आणि थोडा तरवड सुखानं एकत्र नांदू लागले. कागदावर.

आम्हाला वाटलं, साठात एक चौकोन, कोण बघतो. सरांनी सगळी पानं चाळली आणि नेमके तिथंच थांबले. भिंग काढलं. भिंगाची कागदाला काही गरज नव्हती, पण आनंद झाला की सर भिंग काढत.

"मी म्हणत होतो की नाही!" ते उठून उभे राहिले. "झाडी संपते आणि झुडपं सुरू होतात, यांच्यामध्ये काहीतरी असलंच पाहिजे. एकदम तुटत नाही निसर्ग. हे बघा. धावडा आणि हेकळ. एका चौकोनात!"

आम्ही बघितलं. आमचंच अक्षर होतं.

पुढच्या आठवड्यात विभागातल्या भाषणात सरांनी तो चौकोन पडद्यावर दाखवला. त्यानंतरच्या आठवड्यात सांगितलं, की त्यांचे एक जुने अभ्यासू मित्र बाहेरगावाहून येताहेत, माळरानांवर आयुष्य घालवलेला माणूस आहे, आणि त्यांना तो चौदा नंबर प्रत्यक्ष बघायचाय. गुरुवारी. सगळे मिळून जाऊ.

मैत्रिणीनं दुकानातून आणलेली ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली होती. ती कडकन तुटली.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी, सरांना न सांगता, डोंगरावर. मनात काय होतं? काही नव्हतं. धावडा उपटून हेकळीत लावता येत नाही, एवढं वनस्पतिशास्त्र येत होतं. चौदा नंबरच्या त्या चौकोनाजवळ आम्ही बसून राहिलो. शेवटी मैत्रिणीचा बांध फुटला आणि मावशी आल्या-आल्या तिनं तिला सगळं सांगून टाकलं. अकरा धावडे, एसटी, सरासरी, सरांचे मित्र, गुरुवार.

मावशी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले. मग ती खाली बसली. मग आडवी झाली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेळ्या चरायच्या थांबून तिच्याकडं बघायला लागल्या.

"अगं माय माय माय," ती उठत म्हणाली. "झाडं कशानं चालत्यात? खुंट्या म्या हालवल्या."

आम्ही वरच्या धावड्यांकडं बघितलं.

"तुमी नेमक्या माज्या निजत्या रानात ठोकल्या हुत्या की. ततं मी भाकर खाती. गाभण शेळीच्या खुराला लागली एक खुंटी, लंगडत हुती चार दिस. म्हून काढल्या आन् खाली लावल्या."

"मावशी! अशा कशा लावल्या?"

आता मात्र तिला राग आला. "अशा कशा म्हंजे? तुमच्या दोरीएवढं पावलानं मोजून लावल्या. चारी कोपरे बगून. नंबराची पट्टी ज्या अंगाला हुती त्याच अंगाला ठिवली. एक खुंटी वाकडी निघाली का? सांगा!"

निघाली नव्हती, हे कबूल करावं लागलं. आम्हाला एक चौकोन काटकोनात आखायला दोघींना अर्धा तास लागायचा आणि निम्मं भांडण. हिनं एकटीनं, शेळ्या सांभाळत, पावलानं मोजून.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी म्हनलाव काही हरवलं न्हाई," ती म्हणाली. 

तिनं तंबाखूची चिमूट तोंडात सोडली आणि आमच्याकडं नीट बघितलं. बहुधा दया आली. "तुमच्या सायबाला धावडा आन् हेकळ एका जागी पायजे ना? हाय. डोंगराच्या पाठीला घळ हाय, ततं हाय. चला."

त्या बाजूला आम्ही कधी गेलोच नव्हतो. कारण साधं होतं, मधे चिल्हारीची काटेरी जाळी होती आणि आमचे ओढणी-कुडते आम्हाला प्रिय होते. मावशीनं आकडीनं वाट केली. घळीच्या कडेला खरोखरच, वरून घरंगळून आलेल्या दगडांमध्ये, धावडे उभे होते आणि त्यांच्या पायाशी हेकळ. पाच नव्हते, सहा होते. मैत्रीण म्हणाली, "एक वाळला होता तो जिवंत झाला." आम्ही चौदा नंबरच्या चारही खुंट्या खालून उपटून आणल्या आणि त्या जागी ठोकल्या. मावशीनं कोपरे तपासले. एक तिला पसंत पडला नाही, तो तिनं पुन्हा लावून घेतला.

गुरुवारी सर आले, त्यांचे मित्र आले. मित्र उंच, बोलायला अगदी मऊ. घळीपर्यंत चढून गेल्यावर त्यांना फार आनंद झाला. ते प्रत्येक धावड्याला हात लावत होते.  सर मात्र खाली बघत होते. नंबराच्या पट्टीच्या खुंटीपाशी ते उकिडवे बसले आणि बोटानं मुरूम उकरला. मुरूम ताजा, भुसभुशीत. पावसाळ्यात ठोकलेल्या खुंटीभोवती माती दगडासारखी घट्ट व्हायला हवी होती. 

तेवढ्यात पाहुण्यांनी मावशीला कौतुकानं विचारलं, "तुम्ही नेहमी येता का या बाजूला?"

"कवा कवा," मावशी म्हणाली. "खुंट्या जातील तिकडं मी जाती."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं ग्रामीण विनोद आहे. सर हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि पाहुण्यांना म्हणाले, "एका चौकोनावरून काही ठरत नाही. असं अजून कुठं दिसलं तरच म्हणता येईल. तूर्त ही एक नोंद." तेवढंच. आमच्याकडं बघितलंही नाही.

पाहुण्यांना परतीच्या गाडीत बसवून दिल्यावर सरांनी आम्हाला अहमदपूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं. तीन चहा सांगितले.  चहा आला, बशीत ओतला, फुंकर मारली.

"बोला," ते म्हणाले.

आम्ही बोललो. कोंबडीपासून सगळं. मैत्रीण मधेच रडली, मी मधेच दोनदा स्वतःचा बचाव करायचा प्रयत्न केला, तो मलाच ऐकवेना. सर बशीतला चहा पीत राहिले. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

"सरासरी," शेवटी ते म्हणाले. "माणसं किती? तुम्ही दोघी. तुमच्यातली सरासरी काढली तर अर्धी लबाडी आणि अर्धा मूर्खपणा येतो."

"नाही सर," मैत्रीण नाक पुसत म्हणाली. "दोन्ही पूर्ण येतात."

सरांचा ओठ जरा हलला. मग त्यांनी वही मागितली, चौदा नंबरच्या पानावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली, सही केली. मागचे सगळे चौकोन पुन्हा तपासायचे, जागेवर लिहायचे, एसटीत वही उघडायची नाही. विभागात पुढच्या सोमवारी ते स्वतः उभं राहून सांगणार होते, की मी दाखवलेला चौकोन चुकीचा होता. ते त्यांनी सांगितलंही, आमचं नाव न घेता. "माझ्या प्रकल्पातली चूक" एवढंच म्हणाले. त्या पंधरा मिनिटांइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पण हॉटेलात, उठता उठता, त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आम्हाला अपेक्षित नव्हता. "ती घळ तिला कशी माहीत होती?"

मी वहीच्या समासातली चार नावं दाखवली. पळतं, थांबतं, ओढतं, निजतं. सरांनी ती वाचली. परत वाचली. भिंग काढलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौकोन पुन्हा तपासत होतो आणि सर एकटेच मावशीकडं गेले. आम्ही लांबून बघत होतो. दिवसभर ते मावशीच्या मागं, शेळ्यांच्या मागं, टोपी घालून. सरांच्या खिशातली पेन्सिल एका शेळीनं खाल्ली. दुपारी ते निजत्या रानात खरोखरच झोपले. मावशीनं आम्हाला खूण करून गप्प बसवलं, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दमलाय मास्तर."

झोपून उठल्यावर त्यांचा आणि तिचा वाद झाला. आम्ही ज्याला एकच प्रकार धरत होतो, हेकळ आणि अमोनीची झुडपं, त्यातलं काही ती पळत्यात घालत होती आणि काही ओढत्यात. सर म्हणत होते, झुडपं तीच आहेत, मग रान वेगळं कसं? ती म्हणत होती, झुडपं तीच असतील, रान ते नव्हे.

"कशावरून?"

"पाडवा झाल्यावर या. पळत्यात पाला ऱ्हात न्हाई. ओढत्यात शेळीला घास गावतुया."

सरांनी मान हलवली, म्हणजे पटलं नाही अशी. पण नांदेडला आल्यावर त्यांनी आम्हाला त्या प्रकारातले सगळे चौकोन काढायला लावले. मावशीच्या सांगण्याप्रमाणे, पळत्याचा पहिला आणि ओढत्याचा दुसरा, असे दोन ढीग केले. मी सळईच्या नोंदी वाचत गेले. पहिल्या ढिगात खडक वितीच्या आत. दुसऱ्या ढिगात हातभर खोल. पुन्हा पहिला ढीग बघितला, पुन्हा दुसरा. मग मैत्रिणीनं पाहिलं की दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक चौकोनात गेळ हे काटेरी झुडूप आहे, एखाददुसरं का होईना, आणि पहिल्यात एकही नाही. आमच्याच वहीत लिहिलेलं होतं, आमच्याच अक्षरात. आम्ही ते कधी शेजारी ठेवून वाचलं नव्हतं.

सर खिडकीजवळ गेले. बाहेर कॉलेजच्या आवारात ओळीनं गिरिपुष्पं लावलेली, ज्यांच्याकडं ते एरवी बघायचं टाळत. तिकडंच बघत म्हणाले, "तीस वर्षं मी झाडं बघत होतो. मातीवर उभा राहून."

अहवालात ते दोन वेगळे प्रकार म्हणून गेले. एका तक्त्यात डावीकडं आमची लांबलचक नावं आणि उजवीकडं मावशीची चार. तिचं नाव छापू का म्हणून सरांनी विचारायला पाठवलं, तर ती म्हणाली, "नगं. तालुक्याचा माणूस येऊन म्हनंल, बाई, एवढं कळतंय तर शेळ्या बंदिस्त कर." म्हणून अहवालात नुसतं 'स्थानिक पशुपालक' असं आहे. घळीतला तो धावडा-हेकळीचा तुकडा तळटीपेत आहे, एकच जागा सापडल्यामुळं.

अहवाल गेला, प्रकल्प संपला. मैत्रीण आता वडिलांच्या दुकानात बसते आणि गिऱ्हाइकाला मुळीचं नाव शास्त्रीय भाषेत सांगून घाबरवते. मी त्याच विभागात शिकवते, त्यामुळं शेजारच्या काकूंना आईनं सांगितलेलं उशिरानं का होईना खरं झालं.

गेल्या हिवाळ्यात मावशी डोळे दाखवायला नांदेडला आली होती. काम झाल्यावर ती मला शोधत कॉलेजात आली, सोबत पिशवीत बोरं. मी तिला आमच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटापाशी नेलं. मोठ्या कागदांवर चिकटवलेली झाडं, खाली नाव, गाव, उंची. सरही आले, आता निवृत्त झालेत पण येतात. मावशीनं एकेक कागद हातात घेऊन बघितला. हेकळ ओळखली, अमोनी ओळखली, चिल्हारीचा कागद लांब धरला.

"हे समदं वाळवून ठिवलंय?"

"हो," सर म्हणाले. "शंभर वर्षं टिकतं."

"आन् मंग शंभर वर्सानं काय, शेळ्यास्नी घालनार?"

सर हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. भिंग गळ्यात हेलकावत होतं, खोकला आला तरी थांबेनात. मावशी मात्र गंभीरपणे पुढचा कागद उचलत होती. धावड्याचा होता. तो तिनं उन्हाकडं धरला, पानं निरखली, मग बोरांची पिशवी सरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "खावा. ही ओढत्यातली हायती, गोड निघत्यात."

सरांनी एक तोंडात टाकलं आणि बी कुठं टाकावं म्हणून इकडंतिकडं बघत राहिले.